घरच्या नेटवर्कसाठी स्वतःचा डीएनएस सर्व्हर कसा उभारावा

प्रिंटरचं पान उघडायला तुम्ही ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१३७ टाइप करता आणि पान येतच नाही. मधल्या काळात राउटर बंद होऊन चालू झालेला असतो, प्रिंटरला नवा पत्ता मिळालेला असतो. मग राउटरच्या पानावर जायचं, यादीतून प्रिंटर हुडकायचा, नवा आकडा लिहून घ्यायचा. घरात दोन-तीन उपकरणं असेपर्यंत हे निभावतं. फोटो साठवायचा सर्व्हर आला, कॅमेरा आला, जुन्या लॅपटॉपवर काही प्रयोग सुरू झाले, की आकडे लक्षात राहत नाहीत. त्याऐवजी ‘प्रिंटर.होम.आर्पा’ लिहिलं आणि पान उघडलं, तर किती बरं! घरात नावावरून पत्ता सांगणारा स्वतःचा डीएनएस सर्व्हर असला की हे होतं, आणि ते एका संध्याकाळचं काम आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा लेख तिच्याभोवती फिरतो. सर्व्हर बसवणं हा यातला सोपा भाग. घरातलं प्रत्येक उपकरण त्या सर्व्हरलाच विचारेल, दुसऱ्या कुणालाही विचारणार नाही, ही व्यवस्था लावणं हा खरा भाग. ज्यांच्या घरी मी हे बसवून दिलं किंवा बिघडलेलं पाहिलं, तिथे सर्व्हर जवळजवळ नेहमी ठीकच चालत होता. प्रश्नच त्याच्यापर्यंत पोचत नव्हते.

लिपीबद्दल एक सूचना. या लेखात आज्ञा, मेनू आणि पत्ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना अक्षरं रोमन आणि आकडे इंग्रजी वापरायचे.

हे चालतं कसं

संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्यावर गाठतात, माणसांना नावं सोयीची वाटतात. इंटरनेट लहान होतं तेव्हा ही सांगड एका साध्या फाइलीत असायची. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती फाइल सांभाळली जायची आणि बाकीचे संगणक तिची प्रत उतरवून घ्यायचे. संगणक वाढले तशी ती एक फाइल पुरेना. १९८३ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिच्यात एकच यादी न ठेवता नावांची उतरंड केली, आणि प्रत्येक पातळीवर त्या-त्या भागाची जबाबदारी वेगळ्या सर्व्हरकडे दिली.

तुमचा फोन एखादं संकेतस्थळ उघडतो तेव्हा आधी तो आपल्याला नेमून दिलेल्या डीएनएस सर्व्हरला विचारतो, ‘या नावाचा पत्ता काय?’ हा प्रश्न बहुतेक वेळा ५३ क्रमांकाच्या पोर्टवर जातो. पोर्ट म्हणजे एकाच यंत्रावरच्या वेगवेगळ्या सेवांची क्रमांक दिलेली दारं. नेमून दिलेला सर्व्हर सहसा राउटर असतो, आणि राउटर तो प्रश्न इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे ढकलतो. तुमच्या प्रिंटरचं नाव त्या कंपनीला ठाऊक असण्याचं कारणच नाही. म्हणून मध्ये आपला सर्व्हर बसवायचा. घरातल्या नावांची उत्तरं तो स्वतः देतो, बाकीच्या नावांसाठी बाहेरच्या सर्व्हरला विचारतो आणि मिळालेलं उत्तर ठरावीक काळ लक्षात ठेवतो. तेच नाव पुन्हा कुणी विचारलं तर बाहेर न जाता जागच्या जागी उत्तर मिळतं.

डीएनएस नावावरून पत्ता सांगतं, तेवढंच. कॅमेऱ्याचं पान ८०८० पोर्टवर उघडत असेल तर नावापुढे तो पोर्ट लिहावाच लागेल. नवखे लोक इथे हमखास अडतात आणि नोंद चुकली असं समजून ती पुन्हापुन्हा बदलत बसतात.

यंत्र आणि सॉफ्टवेअर

यंत्र छोटं चालतं, पण ते चोवीस तास चालू राहणारं हवं. रास्पबेरी पायचं जुनं मॉडेलही पुरतं, कपाटात पडलेला लॅपटॉपही चालतो. ५१२ एमबी रॅम असली की काम भागतं. रोज वापरायचा संगणक मात्र यासाठी घेऊ नका. तुम्ही तो बंद केलात की सगळ्या घराचं इंटरनेट बंद पडल्यासारखं होईल. शक्य असेल तर हे यंत्र वाय-फायऐवजी केबलने राउटरला जोडा. घरातला प्रत्येक प्रश्न त्याच्याकडून जाणार आहे, त्यामुळे त्याची जोडणी घरात सगळ्यात भरवशाची असली पाहिजे.

सॉफ्टवेअरचे पर्याय बरेच आहेत. डीएनएसमास्क हलकं आहे आणि कितीतरी राउटरांच्या आत तेच चालतं. अनबाउंड बाहेरच्या कुणावर न विसंबता थेट मूळ सर्व्हरपासून उत्तर शोधून आणू शकतं. ॲडगार्ड होम दिसायला नेटकं आहे. पहिल्यांदाच करणाऱ्यांना मी पाय-होल सुचवतो. लोक ते जाहिराती अडवण्यासाठी बसवतात, पण माझं कारण वेगळं आहे. घरातल्या कुठल्या उपकरणाने, कधी, काय विचारलं आणि त्याला काय उत्तर मिळालं, हे त्यात एका पानावर दिसतं. डीएनएस शिकायचं असेल तर ते पान अर्धा तास नुसतं पाहत बसा, खूप काही उलगडतं. आतलं इंजिन डीएनएसमास्कवरच बेतलेलं आहे, त्यामुळे इथे शिकलेलं पुढेही उपयोगी पडतं.

आधी पत्ता पक्का करा

ज्याला सगळे पत्ता विचारणार, त्याचा स्वतःचा पत्ता बदलून चालणार नाही. म्हणून सॉफ्टवेअर बसवण्याआधी हे काम उरका.

राउटरच्या पानावर डीएचसीपीची सेटिंग उघडा. नव्याने जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना पत्ते वाटणारी व्यवस्था म्हणजे डीएचसीपी. तिथे वाटपाची सीमा दिलेली असते, समजा १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२००. आपल्या सर्व्हरला या सीमेबाहेरचा पत्ता द्या. मी १९२.१६८.१.२ घेतो. राउटर १ वर, सर्व्हर २ वर, त्यामुळे लक्षातही राहतो. तुमच्या घरी वाटपाची सीमा २ पासूनच सुरू होत असेल तर ती आधी पुढे सरकवा, नाहीतर राउटर तोच पत्ता कुणाच्या तरी फोनला देऊन मोकळा होईल.

हा पत्ता सर्व्हरवर स्थिर म्हणून नोंदवायचा. रास्पबेरी पायच्या अलीकडच्या प्रणालीत ‘एनएमटीयूआय’ ही आज्ञा दिली की साधा फॉर्म उघडतो. त्यात आपला पत्ता, राउटरचा पत्ता आणि डीएनएसचा पत्ता भरायचा. डीएनएसच्या रकान्यात सर्व्हरचा स्वतःचा पत्ता न घालता बाहेरचा घाला, उदाहरणार्थ ९.९.९.९. म्हणजे उद्या पाय-होल बंद पडलं तरी ते दुरुस्त करायला त्या यंत्राला इंटरनेट मिळत राहील. या एका रकान्याचं महत्त्व पुढे वीज गेल्यावर काय होतं ते सांगताना पुन्हा येईल.

प्रिंटर, फोटो सर्व्हर, कॅमेरा अशा ज्या-ज्या उपकरणांना नाव द्यायचं आहे त्यांचे पत्तेही पक्के करा. राउटरमध्ये बहुधा ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते. उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, निवडून त्यापुढे आयपी पत्ता लिहिला की दर वेळी तोच मिळतो. हे राहिलं तर प्रिंटर एक दिवस दुसऱ्या पत्त्यावर जाईल आणि तुमचा सर्व्हर इमानदारीने जुनाच पत्ता सांगत राहील.

नावाची शेपटी

घरातल्या नावांना कुठली शेपटी लावायची यावर थोडा विचार करा, कारण नंतर बदलणं कटकटीचं होतं. बरेच जण ‘डॉट लोकल’ लावतात. ते टाळा. २०१३ पासून ती शेपटी एमडीएनएस या वेगळ्या पद्धतीसाठी राखलेली आहे. तिच्यात उपकरणं सर्व्हरला न विचारता नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून हाक मारतात. दोन्ही पद्धती एकाच नावावर आल्या की एखाद्या यंत्रावर नाव सापडतं आणि शेजारच्या यंत्रावर सापडत नाही.

मनाने रचलेली शेपटीही धोक्याची. पूर्वी अनेक जण आपल्या खाजगी प्रयोगांना ‘डॉट डेव्ह’ लावत. पुढे ती शेपटी खरोखरच इंटरनेटवर आली, गूगलकडे गेली, आणि २०१७ च्या अखेरीस क्रोम ब्राउझरने त्या शेपटीच्या प्रत्येक नावाला एचटीटीपीएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, सक्ती केली. तोवर सुरळीत चालणारी घरगुती पानं एका अपडेटनंतर उघडेनाशी झाली.

घरासाठी रीतसर राखून ठेवलेलं नाव आहे ‘होम.आर्पा’. २०१८ मध्ये आरएफसी ८३७५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने ते याच कामासाठी दिलं. इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०२४ मध्ये खाजगी वापरासाठी ‘डॉट इंटर्नल’ही राखून ठेवलं. दोन्हींपैकी काहीही घ्या. होम.आर्पा दिसायला जरा विचित्र आहे हे खरं, पण ते उद्या कुणाच्या मालकीचं होणार नाही.

नावं छोटी, रोमन अक्षरांतली ठेवा. देवनागरी नावं डीएनएसमध्ये चालतात, पण आतून ती एका सांकेतिक रोमन रूपात बदलली जातात आणि प्रत्येक छोट्या उपकरणाला ते रूप झेपेलच असं नाही. नाव कामावरून द्या, कंपनीवरून नको. प्रिंटर बदलला तरी ‘प्रिंटर’ हे नाव तसंच राहतं.

पाय-होल बसवणं

पाय-होलच्या अधिकृत संकेतस्थळावर बसवण्यासाठी एका ओळीची आज्ञा दिलेली आहे. ती तिथूनच घ्या, कुठल्या तिसऱ्या जागेवरून नको, कारण ती आज्ञा एक स्क्रिप्ट उतरवून थेट चालवते. पुढे निळ्या पडद्यावर एकेक प्रश्न येतो. स्थिर पत्ता आहे ना? आहे. कुठली जोडणी? केबलची. बाहेरचा सर्व्हर कुठला? यादीतला कुठलाही चालेल. गूगलचा ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि क्वाड-नाइनचा ९.९.९.९ हे सगळे परिचयाचे आहेत. धोकादायक ठरलेली संकेतस्थळं क्वाड-नाइन मुळातच अडवतं, म्हणून मी तो निवडतो. जाहिराती अडवण्याची यादी हवी का, असंही विचारलं जाईल. सुरुवातीला जी एक यादी सोबत येते तेवढीच ठेवा. पहिल्याच दिवशी दहा याद्या जोडल्या की कुठलं तरी ॲप अडतं, आणि दोष यादीचा की तुमच्या मांडणीचा हे कळायला मार्ग राहत नाही.

शेवटी एक पासवर्ड दिसतो. तो निसटला तरी घाबरू नका. आवृत्ती ६ मध्ये ‘सुडो पायहोल सेटपासवर्ड’ ही आज्ञा देऊन नवा ठेवता येतो. आता दुसऱ्या संगणकावरून ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘ॲडमिन’ लिहा. पाय-होलचं पान उघडेल.

घरातली नावं भरायला सेटिंग्जमध्ये ‘लोकल डीएनएस रेकॉर्ड्स’ उघडा. डावीकडे नाव आणि पत्ता: प्रिंटर.होम.आर्पा, १९२.१६८.१.२०. फोटो.होम.आर्पा, १९२.१६८.१.२१. बस, एवढंच. उजवीकडे सीनेम नावाची दुसरी यादी असते. ती एका नावाला दुसरं नाव जोडण्यासाठी आहे, सध्या तिच्याकडे पाहू नका.

राउटरला सांगणं

इथपर्यंत सर्व्हर तयार झाला, पण त्याला अजून कुणी विचारत नाही. आता राउटरने प्रत्येक उपकरणाला सांगायचं आहे की यापुढे १९२.१६८.१.२ ला विचारा.

राउटरमध्ये डीएनएस लिहायच्या दोन जागा असतात आणि त्यांची गल्लत फार होते. एक असते इंटरनेट किंवा ‘वॅन’च्या पानावर. तिथे लिहिलेला पत्ता राउटर स्वतःसाठी वापरतो. दुसरी असते ‘लॅन’ किंवा डीएचसीपीच्या पानावर. तिथला पत्ता तो घरातल्या उपकरणांना वाटतो. आपल्याला दुसरी जागा हवी. पहिल्या जागी लिहिलंत तरी वरवर सगळं चालू दिसतं, पण उपकरणं राउटरला विचारतात, राउटर पाय-होलला विचारतो, आणि पाय-होलच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रश्नांच्या नोंदवहीत, सगळे प्रश्न एकट्या राउटरच्या नावावर जमा होतात. त्यातून आणखी एक त्रास होतो. एकाच उपकरणाने मिनिटाला १००० पेक्षा जास्त प्रश्न विचारले तर पाय-होल मुळातच त्याला थोडा वेळ थांबवतं. सगळ्या घराचे प्रश्न एकाच नावावर आले की गर्दीच्या वेळी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि मग सगळ्या घराचं इंटरनेट अडखळतं.

डीएचसीपीच्या पानावर सहसा दोन रकाने असतात: ‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’. पहिल्यात १९२.१६८.१.२ लिहा. दुसरा रिकामा ठेवा.

मी स्वतः पहिल्यांदा तो रकाना भरला होता. पाय-होल बंद पडलं तर आधार असावा म्हणून ८.८.८.८ लिहिलं. दोन दिवस फोटोंचं पान कधी उघडायचं, कधी नाही. त्याच लॅपटॉपवर, त्याच खोलीत. मी नोंद तीनदा पुसून लिहिली, केबल बदलली, सर्व्हर नव्याने बसवला. मग लॉग शांतपणे पाहिला आणि लक्षात आलं की पान उघडत नाही तेव्हा लॉगमध्ये प्रश्नच नसतो. ‘सेकंडरी’ म्हणजे ‘पहिला बंद पडला तरच’ असं आपण समजतो, पण उपकरणं तसं पाळतीलच असं नाही. काही दोघांना एकदम विचारतात, काही जो लवकर उत्तर देईल त्याच्याकडेच जात राहतात. बाहेरच्या सर्व्हरला फोटो.होम.आर्पा माहीतच नाही, तो ‘असं नाव नाही’ म्हणतो, आणि उपकरण ते अंतिम उत्तर मानून थांबतं. ‘नाही’ हेही डीएनएसमध्ये पूर्ण उत्तर असतं, त्यानंतर दुसरीकडे विचारलं जात नाही. आधार हवाच असेल तर घरात दुसरं पाय-होल बसवा, त्यात तीच नावं भरा आणि त्याचा पत्ता दुसऱ्या रकान्यात लिहा.

काही राउटरांमध्ये डीएचसीपीचा डीएनएस बदलूच देत नाहीत. अशा वेळी राउटरचं डीएचसीपी बंद करून पाय-होलच्या सेटिंग्जमधलं चालू करा. दोन्ही एकदम चालू ठेवू नका, एका घरात पत्ते वाटणारा एकच हवा. पक्के करून ठेवलेले पत्ते मग पाय-होलमध्ये पुन्हा भरावे लागतात.

बदल केल्यावर प्रत्येक उपकरण एकदा वाय-फायवरून तोडून पुन्हा जोडा. जुनी माहिती त्यांच्याकडे ठरलेल्या मुदतीपर्यंत राहते.

पहिल्या दोन ओळी वाचा

आता तपासणी. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘एनएसलुकअप’ लिहा, एक जागा सोडून प्रिंटर.होम.आर्पा लिहा आणि एंटर दाबा. असं काहीसं दिसेल:

सर्व्हर: पाय.होल
ॲड्रेस: १९२.१६८.१.२

नेम: प्रिंटर.होम.आर्पा
ॲड्रेस: १९२.१६८.१.२०

बहुतेक जणांची नजर थेट खालच्या दोन ओळींवर जाते. तुम्ही वरच्या दोन आधी वाचा. उत्तर कुणी दिलं हे तिथे लिहिलेलं असतं. तिथे आपल्या सर्व्हरऐवजी राउटरचा किंवा एखादा अनोळखी पत्ता दिसला, तर खालचं उत्तर काहीही असो, दोष सापडला: प्रश्न चुकीच्या दारी गेलाय. काही लिनक्स संगणकांवर तिथे १२७.०.०.५३ दिसेल. तो त्याच संगणकातला मध्यस्थ आहे, पुढे तो कुणाला विचारतो ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ या आज्ञेने कळतं.

नाव सापडलं नाही तर तीच आज्ञा पुन्हा द्या, पण शेवटी एक जागा सोडून १९२.१६८.१.२ जोडा. म्हणजे ‘याच सर्व्हरला विचार’ असं तुम्ही बजावलंत. आता उत्तर आलं तर सर्व्हर आणि नोंद दोन्ही ठीक आहेत, उपकरण भलतीकडे विचारतंय. आताही आलं नाही तर दोष सर्व्हरवर किंवा नोंदीत आहे. या दोन प्रश्नांनी अर्धं घर तपासायचं वाचतं. मॅक आणि लिनक्सवर ‘डिग’ ही आज्ञा हेच काम जास्त तपशिलाने करते. फोनवर अशी सोय सहसा नसते, तिथे पाय-होलचा ‘क्वेरी लॉग’ उघडून फोनवरून एखादं पान उघडा आणि ओळ उमटते का ते पाहा.

नोंद करण्याआधीच तुम्ही ते नाव विचारून पाहिलं असेल तर ‘नाही’ हे उत्तरही संगणकाने लक्षात ठेवलेलं असू शकतं. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’पुढे तिरकी रेघ देऊन ‘फ्लशडीएनएस’ लिहिलं की ते पुसलं जातं. आणि ब्राउझरमध्ये पहिल्यांदा नाव लिहिताना पुढे ‘एचटीटीपी’ सकट पूर्ण लिहा, नाहीतर ब्राउझर त्याला शोधायचा शब्द समजून शोधयंत्राकडे पाठवू शकतो.

उरलेल्या पळवाटा

सगळं नीट करूनही एखादं उपकरण ऐकत नसेल तर त्याला दुसरी वाट सापडलेली असते. सगळ्यात जास्त फसवते ती आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब पत्त्यांची व्यवस्था. तुम्ही डीएचसीपीत डीएनएस बदललात तो जुन्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी. राउटर आयपीव्ही६ वरून वेगळी घोषणा करत असतो आणि तिच्यात स्वतःचाच डीएनएस सांगत असतो. एनएसलुकअपच्या दुसऱ्या ओळीत ‘एफई८०’ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला की हेच घडतंय असं समजा. राउटरच्या आयपीव्ही६ च्या पानावर डीएनएसची घोषणा बंद करता येते का पाहा, किंवा तिथे पाय-होलचा आयपीव्ही६ पत्ता द्या.

दुसरी वाट ब्राउझरची. फायरफॉक्समध्ये ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ चालू असेल तर तो घराच्या सर्व्हरला डावलून थेट बाहेर विचारू शकतो. पाय-होल एका ठरलेल्या खुणेच्या नावाला नकार देऊन त्याला ‘इथे नको’ असं सुचवतं, पण तुम्ही ती सोय हाताने चालू केली असेल तर ब्राउझर तुमचंच ऐकतो. क्रोममध्ये ‘सिक्युअर डीएनएस’खाली एखादी सेवा स्वतः निवडलेली नाही ना ते पाहा. अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सेटिंग असते. ती ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर हरकत नाही, तिथे कुठल्या सेवेचं नाव भरलेलं असेल तर घरातली नावं त्या फोनला दिसणार नाहीत. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे दुरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट, असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, तो ऑफिसचाच डीएनएस वापरणार आणि ते बरोबरच आहे.

उलट दिशेचं एक दार मात्र कायम बंद हवं. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून ५३ क्रमांक बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. उघड्या डीएनएस सर्व्हरला खोट्या पत्त्याने छोटे प्रश्न विचारून मोठी उत्तरं तिसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर सोडणं हा हल्ल्याचा जुना प्रकार आहे. तुमचं यंत्र त्यात नकळत हत्यार बनेल. बाहेरून घरातली नावं वापरायची असतील तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनने घरात या.

वीज गेल्यावर

पाय-होलमध्ये ‘डीएनएसएसईसी’ नावाची सोय आहे. उत्तर मध्येच कुणी बदललेलं नाही हे ती सह्या पडताळून तपासते. सह्यांना मुदत असते, म्हणून ही तपासणी घड्याळावर अवलंबून आहे. आणि रास्पबेरी पायच्या पाचव्या मॉडेलआधीच्या कुठल्याही मॉडेलमध्ये वीज गेल्यावर चालत राहणारं घड्याळ नाही. पाचव्यात आहे, पण त्याला बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज बराच वेळ गेली की हे यंत्र जुन्या वेळेवर जागं होतं, सह्या त्याला चुकीच्या वाटतात, आणि ते बाहेरची उत्तरं नाकारतं. वेळ दुरुस्त करायला त्याला वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधावं लागतं, आणि नाव शोधायला वेळ बरोबर लागते. हा गुंता सुटतो तो मघाच्या रकान्यामुळे. यंत्राचा स्वतःचा डीएनएस ९.९.९.९ असेल तर वेळेचं नाव पाय-होलला न विचारता सापडतं, घड्याळ लागतं आणि गाडी रुळावर येते. डीएनएसएसईसीची सोय मुळात बंद असते. पहिला महिना बंदच ठेवा, बाकी सगळं बसलं की चालू करा.

घरच्यांना सांगा

क्वेरी लॉगमध्ये घरातल्या प्रत्येकाने कुठली संकेतस्थळं उघडली त्यांची नावं दिसतात. कुणी कुठल्या आजाराबद्दल वाचतंय, कुणी नोकरी शोधतंय, हे न विचारता तुमच्यासमोर येऊ शकतं. म्हणून सर्व्हर चालू करायच्या आधी घरच्यांना सांगा आणि त्यांची संमती घ्या. पाय-होलमध्ये गोपनीयतेच्या पातळ्या आहेत. मांडणी बसेपर्यंत सगळं दिसू द्या, दोष शोधायला ते लागतंच. मग पातळी वाढवून नावं आणि उपकरणं लपवा. माझ्या घरी ती वाढवलेलीच असते, काही बिघडलं तर सगळ्यांना सांगून तेवढ्यापुरती खाली आणतो.

सेटिंग्जमध्ये ‘टेलिपोर्टर’ नावाची सोय आहे, तिने सगळ्या नोंदी आणि सेटिंग एका फाइलीत उतरवून घेता येतात. मेमरी कार्ड कधी ना कधी खराब होतं, तेव्हा ती फाइल दुसऱ्या संगणकावर हवी. शिवाय राउटरजवळ एक कागद चिकटवा. त्यावर राउटरच्या पानाचा पत्ता, त्याचा पासवर्ड कुठे ठेवलाय ते, आणि ‘इंटरनेट बंद पडलं तर डीएचसीपीच्या पानावरचा पहिला डीएनएस पुसून ९.९.९.९ लिहा, मग फोनचं वाय-फाय बंद करून चालू करा’ एवढं लिहा. तुम्ही गावाला गेला असताना सर्व्हर बंद पडला, तर घरातल्या कुणालाही त्या कागदावरून पाच मिनिटांत इंटरनेट सुरू करता आलं पाहिजे. लिहून झाल्यावर सर्व्हरची केबल काढा, कागद घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या, आणि शेजारी न बोलता उभे राहा.